पाचवी पिन

साडी नेसून सायकल चालवायची तर चार पिना लागतात. एक खांद्यावर, एक निऱ्यांना, एक पदर मागून आवळून कमरेला बांधायला, आणि चौथी साडीचा खालचा काठ वर उचलून धरायला, म्हणजे तो साखळीत जात नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन साड्या साखळीने खाल्ल्या, एकदा नव्या पुलावर सायकलसकट आडवी झाले, तेव्हा आपोआप समजलं. आता माझी नात स्कूटरवर जाते. पावसाळ्यात पँटीवर दुसरी पँट चढवते, वर टोपीचा कोट, त्यावर हेल्मेट, आणि घरी येऊन म्हणते, "आजी, पाऊस लागलाच नाही." ऐकून मला बरं वाटतं, आणि जरा खोटंही वाटतं. आम्हाला तो हाडापर्यंत लागायचा. त्यात पुण्याचा पाऊस काही मुसळधार नव्हे. मुसळधार परवडला, माणूस आडोशाला थांबतो तरी. हा आपला दिवसच्या दिवस रिपरिपत राहणार. थांबावं इतका नाही, आणि निघावं तर अर्ध्या वाटेत अंगावरचं सगळं पिळायला झालेलं.

मी तेव्हा सदाशिव पेठेत दादा-वहिनींकडे राहायची. माडीवर दोन खोल्या, मध्ये पडदा, मागे दोन माणसं उभी राहतील एवढी गॅलरी. वडील गेल्यावर आई गावी, मावळात, चार वाफे भात आणि एक म्हैस सांभाळत राहिली आणि मला दादाकडे पाठवलं. दादा सरकारी कचेरीत कारकून. वाईट माणूस नव्हता. पण घरात त्याचं बोलणं म्हणजे कचेरीतला शेरा असायचा. एकदा लिहिला की त्यावर अपील नाही. मला खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात काम लागलं, तेव्हा तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "जा. पण तिथून एक तक्रार आली, एकसुद्धा, की त्या दिवसापासून बंद. मग गावी आईजवळ जायचं, आणि मी म्हणेन त्या स्थळाला हो म्हणायचं." मी मान हलवली. पगार मी परस्पर आईला मनीऑर्डरने पाठवत असे, त्यात दादा कधी डोकावला नाही. पण मला खरं सांगायचं तर पगारापेक्षाही ती सायकल हवी होती, आणि सकाळी सव्वासहाला आपण कुठेतरी जायला निघतो, तिथे आपल्या नावाची एक खुंटी आहे, हे हवं होतं. त्या दोन खोल्यांत माझी म्हणावी अशी खुंटीसुद्धा नव्हती. माझे कपडे वहिनींच्या ट्रंकेवर घडी घालून ठेवलेले असत, कधीही उचलून नेता येतील असे.

वहिनी माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. तरी रीत म्हणून मला "वन्सं" म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. त्या फारसं काहीच बोलत नसत. पहाटे मला जाग यायची ती स्टोव्हला पंप मारण्याच्या आवाजाने. आधी तो खसखस आवाज, मग भपका, मग ती एकसुरी घरघर. त्या घरघरीत आम्ही दोघी एकमेकींच्या बाजूने वावरायचो. त्या डबा भरत. दोन पोळ्या, बटाट्याची नाहीतर दुध्याची भाजी, आणि कोपऱ्यात कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी, भाजीला लागू नये म्हणून वेगळी. "वन्सं, डबा," म्हणायच्या. मी "हो" म्हणायची. कधी कधी दिवसभरात आमचं एवढंच बोलणं.

पावसाळ्यात माझा जामानिमा असा: साडीच्या आत दादाचा जुना लेंगा, नाडी दोन वेढे देऊन. पिंढऱ्या झाकल्या जात आणि वारा आत शिरत नसे. अंगात स्वेटर. स्वेटरच्या आत छातीशी आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र दुमडून. थंडीला वर्तमानपत्रासारखं दुसरं काही नाही, हे मी आजही सांगते. पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल, आणि सगळ्यावर दादाचाच टाकून दिलेला रेनकोट. तो मला घोट्यापर्यंत यायचा, म्हणून खालून वीतभर कापला होता. असा अवतार करून मी जिना उतरले की खालच्या मजल्यावरचे लेले दारात दात घासत उभे असत. रोज एक वाक्य ठरलेलं. "काय हो, आज मासे मिळतील का?" आणि संध्याकाळी मी निथळत वर गेले की दादाला हाक मारून, "तुमच्या भगिनींनी जिन्यात नदी आणली आहे. घाट बांधून घेऊ का?" दादा हसायचा. मला मात्र तो जिना चढताना आपण पाण्याचा डाग आहोत असं वाटायचं.

कारखान्याची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या कामाच्या इमारतीत शिरण्याआधी कपडे बदलायची खोली होती. तिच्या मधोमध जमिनीवर गुडघ्याएवढी एक आडवी फळी. फळीच्या अलीकडे बाहेरचं जग, पलीकडे आतलं. अलीकडे सगळं उतरवायचं: साडी, चपला, बांगड्या, केसांचे आकडे, जोडवी. बायका मंगळसूत्र काढून खुंटीवरच्या पुरचुंडीत ठेवत आणि गळ्यात काळा दोरा बांधत. मग पलीकडे पाय टाकायचा आणि कारखान्याचे जाड सुती कपडे घालायचे. त्यांना बटण नाही, हूक नाही, नुसत्या नाड्या. पायात कापडी जोडे. धातूचा कण आत जाता कामा नये. धातू धातूवर घासला, ठिणगी पडली, तर काय होईल हे कुणी मोठ्याने बोलत नसे. धातूचं माझ्या अंगावर बाकी काही नसायचं, फक्त त्या चार पिना. त्या मी एका चिंधीला टोचून खुंटीला लटकवायची आणि मोजायची. एक, दोन, तीन, चार.

आणि ते कोरडे कपडे! काय सांगू तुम्हाला. ओल्या अंगावर तो खरखरीत, उन्हाचा वास असलेला कुडता चढवला की डोळे मिटायचे. पण त्याची भरपाई संध्याकाळी व्हायची. सकाळची भिजलेली साडी खुंटीवर आठ तास तशीच, ना वाळलेली ना निथळलेली, गारढोण. ती पुन्हा अंगाला गुंडाळायची. सकाळी भिजण्याचं काही वाटत नसे. पण कोरड्या अंगावर आपल्याच हाताने ओली साडी नेसायची, यासारखी एकटं पाडणारी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

त्या वर्षी श्रावणात ऊन नावालासुद्धा पडलं नाही. मला खोकला झाला, रात्रभर उठे. एका पहाटे वहिनींनी स्टोव्ह मंद केला, ट्रंक उघडली, अगदी तळाशी हात घातला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा एक चौकोनी तुकडा काढून माझ्यापुढे धरला. कडेला बारीक पिवळं भरतकाम होतं. "छातीला लावा. पडूनच आहे," म्हणाल्या. इतका मऊ कपडा मी तोवर अंगाला लावला नव्हता. पोळपाटाएवढं ते कापड कशासाठी भरतकाम करून ठेवलं असेल, हे तेव्हाच्या मला सुचलंच नाही. मला स्वतःची दोन मुलं झाल्यावर सुचलं. तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं, वर्तमानपत्र काढून टाकलं आणि फ्लॅनेल घसरू नये म्हणून आतल्या चोळीला एका पिनेने अडकवलं. पाचवी पिन.

त्या दिवशी संगमाच्या बाजूने असा वारा होता की सायकल पुढे जाण्याऐवजी आडवी सरकत होती. वाकडेवाडीपाशी मी उतरून चालत गेले. पोचले तेव्हा बोटं माझी नव्हतीच. दाताने गाठी सोडल्या. साडी काढली, लेंगा काढला, स्वेटर काढला, सगळं चिंब. आणि काय आश्चर्य, छातीवरचा तो तुकडा तेवढा कोरडा आणि ऊबदार. तो काढवेना. आमची आतली चोळी नाड्यांची असे, ती अंगावर राहिली तरी चालत असे. मी चिंधीवरच्या पिना मोजल्या. एक, दोन, तीन, चार. बरोबर. आणि फळीच्या पलीकडे पाय टाकला.

पलीकडे हौसाबाई झडती घ्यायच्या. बोपोडीकडच्या, थोराड, हात मोठे पण हलके. रोज त्या खांद्यापासून खाली हात फिरवत आणि काहीतरी चिडवत. त्या दिवशी म्हणाल्या, "काय गं शके, आज अंग भरलंय! कोन मिळाला का काय?" बाकीच्या हसल्या. मीही हसले. आणि हौसाबाईंचा हात छातीपाशी थांबला. त्यांनी बोटाने चाचपलं. त्यांचा चेहरा कसा उतरला ते मला आजही दिसतं.

"काड ते," म्हणाल्या. हळूच.

मी कुडत्यात हात घालून पिन काढली. इवलीशी. हौसाबाईंनी ती तळहातावर घेतली आणि एकदम रडायलाच लागल्या. "अगं, आत गेली असतीस तर? माझी दोन पोरं हायत गं घरी. हिला बघ, हिची तीन हायत. तुला कुनी न्हाई म्हनून का?"

त्या रागात बोलल्या. मनातून नव्हे, हे मला माहीत होतं. पण ते वाक्य मला पिनेसारखं टोचलं, आणि ते खरंच होतं की काय याचा विचार मी पुढचे दहा दिवस केला. हौसाबाईंना वर कळवणं भाग होतं, त्यांनी कळवलं. साहेबांनी मला उभं करून शांतपणे सांगितलं, "दहा दिवस घरी बसा. पुन्हा असं झालं तर कायमचं." ते योग्यच होतं. मी वाद घातला नाही. चिंब साडी परत नेसले, सकाळी आठ वाजता, आणि सायकल हातात घेऊन दाराबाहेर उभी राहिले.

घरी जायचं म्हणजे काय सांगायचं? दादाच्या त्या शेऱ्याप्रमाणे तक्रार झाली होती. एक झाली होती, आणि एकच पुरेशी होती. गावी आई, म्हैस, आणि मग दादा म्हणेल तो नवरा. मी ठरवलं, घरी सांगायचंच नाही. रोज सव्वासहाला निघायचं, रोजच्या वेळी परतायचं. दहाच दिवस तर होते.

गावात फिरावं तर दादाची कचेरी, ओळखीची माणसं. म्हणून मी रोज खडकीलाच जायची. सवयीने, तोच रस्ता, त्याच चार पिना. आणि कारखान्याकडे न वळता स्टेशनवर जाऊन बाकावर बसायची. छपराखाली. वरून पाऊस लागत नव्हता, पण अंगावरचं वाळतही नव्हतं. इतके दिवस कारखान्याने मला रोज आठ तास कोरडं ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. निऱ्या पिळायच्या, त्यांचं ओलं टोक या पायावरून त्या पायावर घ्यायचं. बारा वाजता डबा उघडायचा. वहिनींनी चटणी वेगळी बांधलेली असायची. ती पुडी सोडून मी पटापट खाऊन टाकायची.

दुसऱ्या दिवशी तिकीट देणाऱ्या मास्तरांनी खिडकीतून विचारलं, "कुठली गाडी तुमची?"

"गाडी नाही. माणूस यायचंय."

"कोण?"

तोंडात आलं ते बोलले. "आई."

तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "मातोश्री अजून निघाल्या नाहीत वाटतं." पाचव्या दिवशी खिडकीतून कपबशी पुढे सरकवून, "घ्या. मातोश्री आल्या की मला कळवा. आता मीही वाट बघतोय." त्यांनी ओळखलं होतं, कुणी येणार नाही. पण गंमत सांगते, आपण खोटं बोललो की ते आपल्यालाच चिकटतं. लोणावळ्याकडून लोकल आली की मी मान वर करून बायकांचा डबा बघायची. माझी आई जन्मात एकटी आगगाडीत बसली नव्हती. तरी मी प्रत्येक गाडीला बघायची, शेवटचं माणूस उतरेपर्यंत.

सातव्या दिवशी आणखी एक भानगड झाली. आमच्या कामात एक पिवळी पूड असे, तिने तळहात आणि नखं पिवळी पडत. कितीही घासा, जात नसत. लेले त्यावरून "हळद कधीची लागली म्हणायची?" असंही विचारून झाले होते. तर सहा दिवसांत माझे हात उतरू लागले, आणि सातव्या दिवशी संध्याकाळी दिव्याखाली बघते तो स्वच्छ, गोरे. मी घाबरले. दादाचं लक्ष गेलं तर? पडद्यामागे जाऊन मसाल्याच्या डब्यातली हळद दोन्ही हातांना चोळली आणि पानावर येऊन बसले. दादा आमटी भुरकत होता. वहिनी वाढायला वाकल्या, माझ्या हाताकडे पाहिलं, वास आला असणार, आणि भाताचा चमचा तसाच धरून म्हणाल्या, "वन्सं, हात धुऊन या. ताटाला लागतंय."

बस्स. एवढंच. दादाने मान वर केली नाही. मी मोरीत गेले, हात धुतले, आणि पाणी पिवळं होऊन जाताना बघत राहिले. वहिनींना कळलं होतं. आता त्या सांगणार. आज नाहीतर उद्या, पडद्यापलीकडे नवरा-बायकोचं बोलणं होईल तेव्हा. पुढचे तीन दिवस मी त्या पडद्याकडे कान लावून झोपले. दादाचं घोरणं ऐकू यायचं. वहिनींचा कूस बदलण्याचा आवाज यायचा. बोलणं नाही. सकाळी तोच स्टोव्ह, तोच डबा. आणि मी त्यांच्याकडे न बघता डबा उचलून निघायची, जणू बघितलं तर त्यांना आठवेल.

दहा दिवस संपले. अकराव्या दिवशी पहाटे मी लेंगा चढवला, साडी नेसले, चार पिना लावल्या. फ्लॅनेलवरचं पिनेचं भोक वहिनींना दिसलं असणार, त्यांनी रात्रीतून त्याला दोन नाड्या शिवून ठेवल्या होत्या, मानेमागे आणि पाठीवर बांधायला. माझ्या कपड्यांच्या घडीवर ते ठेवलेलं होतं. मी बघत उभी राहिले. मागून त्या रेनकोट घेऊन आल्या आणि, कधी केलं नव्हतं ते केलं, माझ्या पाठीमागे तो उघडून धरला, मला हात घालायला सोपं जावं म्हणून.

"आज खरंच जायचंय ना?" त्यांनी विचारलं.

मी एक हात बाहीत घालून तशीच थांबले. "हो."

"मग इतके दिवस कुठे होतीस?"

"खडकी स्टेशनवर."

"एवढ्या पावसात?"

"छप्पर आहे तिथे." आणि मग धीर करून, "वहिनी, तुम्ही दादाला..."

"तुझ्या दादाला मी काय काय सांगत नाही, ते तुला काय माहीत," त्या म्हणाल्या. कॉलर सरळ केली. स्टोव्ह घरघरत होता, दूध वर यायला लागलं होतं, तरी त्या हलल्या नाहीत. "दादा दहाला जातो गं. सहाला येतो. मध्ये इथे कुणी नसतं. मला वाटायचं, आज ही मागे फिरून येईल. पावसाला कंटाळून तरी येईल. दोन दिवस तर मी आमटीही जास्त टाकली."

त्या मला "तू" म्हणाल्या होत्या, हेही मला पुलावर पोचल्यावर लक्षात आलं. तिथे उभी असताना मी फक्त दुसरा हात बाहीत घातला. मी म्हणाले, "उशीर होतोय," आणि जिना उतरले. लेले म्हणाले, "काय हो, आज मासे?" मी सायकलवर बसले. कारखान्यात हौसाबाईंनी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ झडती घेतली आणि शेवटी पाठीवर एक धपाटा घालून आत सोडलं. कुडता कोरडा होता. माझं काम राहिलं. ज्यासाठी ती सगळी यातायात केली, ते मला मिळालं.

रविवारी मी घरी असायची, पण रविवारी दादाही असायचा. मी स्वयंपाकघरात वहिनींच्या शेजारी जाऊन बसायची, लसूण सोलायची, त्या "असू दे, वन्सं," म्हणायच्या. परत "वन्सं". तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. दीड वर्षाने माझं लग्न झालं, मी पसंत केलेल्या माणसाशी, आणि मी खडकीलाच राहायला गेले. वहिनी मागच्या पिढीतल्या बायका जातात तशा, कुणाला त्रास न देता गेल्या. माझं म्हणणं एवढंच, की दादा घरात नाही, बाहेर पाऊस लागला आहे, आणि आम्ही दोघी गॅलरीच्या दारात बसून गरम आमटी-भात जेवतो आहोत, असा एक दिवस व्हायला काय हरकत होती? साधी रजा टाकायची होती. त्या वर्षीची माझी हक्काची रजा सगळी शिल्लक होती. डिसेंबरअखेर ती तशीच बुडाली.